जलपर्णीचे भुंगेरे आणि ‘मुळं खाणारा कीटक’ या शब्दाचा घोळ

भारतात तणावर कीड सोडण्याची सुरुवात १७९५ मध्ये झाली, तीही चुकून. रंगासाठी लागणारा कोचिनियल कीटक समजून ब्राझीलहून भलतीच जात आणली गेली आणि तिने निवडुंग फस्त केला. १९२१ मध्ये घाणेरीची फळं पोखरणारी माशी हवाईहून आली. माशी इथे रुजली, घाणेरी मात्र हटली नाही. बोरिवलीच्या जंगलात ती आजही आहे.

मुंबईच्या पवई तलावातल्या जलपर्णीच्या दृष्टीने महत्त्वाचं वर्ष १९८२. जलपर्णी खाणारे, दक्षिण अमेरिकेतले निओकेटिना वंशाचे दोन भुंगेरे तेव्हा भारतात आणले गेले. त्याआधी, १९७२ आणि १९७४ मध्ये, ते फ्लोरिडात सोडून झाले होते. आपल्याकडे बंगळूरला चाचण्या झाल्या आणि मग तिथल्याच तलावांत ते सोडले गेले.

त्यांना सर्रास ‘मुळं खाणारे’ म्हटलं जातं, आणि सगळी गफलत तिथेच होते. प्रौढ भुंगेरा जेमतेम ५ मिलिमीटरचा. तो रात्री पान खरवडतो आणि २ ते ४ मिलिमीटरचे फिकट डाग मागे ठेवतो. मादी अंडी घालते ती देठात. देठ उभा चिरला तर तपकिरी बोगदा आणि त्यात पिवळट-नारिंगी डोक्याची, बिनपायांची पांढरी अळी सापडते. ती पोखरत खाली गड्ड्यापर्यंत जाते. कोंब मरतो, पोकळ देठांत पाणी शिरतं आणि रोप हळूहळू बुडतं. कोशात जायची वेळ आली की अळी बाहेर येऊन मुळांचे बारीक तंतू कातरते आणि मिरीएवढी गोळी विणून मुळाला चिकटवते. म्हणजे मूळ हे तिचं अन्न नव्हे, बाळंतिणीची खोली आहे. खरोखर मुळांवर जगणारे कीटक वेगळे: उत्तर अमेरिकेत नॅपवीड या तणाच्या सोटमुळात वाढणारा सोंड्या भुंगेरा हे त्याचं ठळक उदाहरण.

हा केवळ शब्दच्छल नाही. अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण ३ ते ४ महिने लागतात. सांडपाण्यावर पोसलेली जलपर्णी मात्र पंधरवड्यात दुप्पट होऊ शकते. १८९१ मध्ये बांधलेल्या पवई तलावात आज जलपर्णी काढणारं यंत्र फिरतं तेव्हा मुळासकट उचललेल्या प्रत्येक रोपाबरोबर भुंगेऱ्यांची पुढची पिढीही काठावरच्या ढिगात वाळते. उरलेली रोपं मोकळ्या पाण्यात जोमाने फुटतात, तळाच्या गाळातलं बी वर्षानुवर्षं जिवंत राहतं, आणि मग ‘भुंगे निकामी ठरले’ असा शेरा मारला जातो. हा निष्कर्ष अन्यायाचा आहे. ज्या पाण्यात दर वर्षी सफाई होते, तिथे कीटकांना वेळ मिळालेलाच नसतो.

यंत्र आणि भुंगेरे हे दोन्ही उपाय एकत्र चालवायचे असतील तर जलपर्णीचा एक पट्टा न काढता राखावा लागतो आणि त्यावर तणनाशकही मारायचं नाही. बहुतेक ठिकाणी सोयीचा म्हणून काठचाच पट्टा सोडला जातो. पण चिखलात रुतलेल्या मुळांवर कोश नीट बनत नाहीत, त्यांना पाण्यात मोकळी लोंबणारी मुळं लागतात. म्हणून राखीव पट्टा खोल पाण्यात, तरंगत्या दोराच्या कुंपणात धरावा आणि पावसाळ्यातल्या लोंढ्यात तो वाहून जाणार नाही असा सांडव्यापासून दूर बांधावा.