कात्रीत अडकवलेला खडा

करोना विषाणूला आपली प्रथिने सुटी सुटी करून घेता येत नाहीत. आपली पेशी त्याचा आरएनए वाचते आणि एक लांबलचक अखंड साखळी हाती देते. ती कापली, तरच पुढचा कारभार सुरू होतो. कापायचे काम मुख्यतः विषाणूच्याच एका प्रोटिएझकडे, म्हणजे प्रथिने कापणाऱ्या विकराकडे, असते. हे विकर, म्हणजे ही कात्री, साखळीवर 11 ठिकाणी चालते आणि बहुतेक वेळा ग्लुटामिन या अमिनो आम्लानंतरच कापते. आपल्या शरीरातल्या कात्र्यांना ही खोड नाही. म्हणूनच औषध शोधणाऱ्यांचा तिच्यावर डोळा.

2003 मध्ये सार्स या आधीच्या करोना विषाणूची साथ आली, तेव्हा फायझरच्या रसायनशास्त्रज्ञांनी या कात्रीत बसेल असा रेणू बनवलाही होता. साथ ओसरली, काम फडताळात गेले. 2020 मध्ये तो पुन्हा बाहेर काढला. नव्या विषाणूची कात्री जुन्याशी सुमारे 96 टक्के जुळत होती, त्यामुळे रेणू चपखल बसला. अडचण वेगळीच होती. तो शिरेतूनच द्यावा लागे. रुग्णाला सलाईन लागेपर्यंत विषाणूची वाढ बरीचशी उरकलेली असते. औषध हवे पहिल्या पाच दिवसांत, घरी, पाण्याच्या घोटाबरोबर.

मग रेणूची काटछाट सुरू झाली. आतड्यातून शोषले जाण्याच्या आड येणारे भाग बदलले. कात्रीच्या पात्यातल्या सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटणारे टोक नायट्राइलचे, म्हणजे कार्बन-नायट्रोजनच्या जोडगोळीचे, केले. जुलै 2020 मध्ये निरमाट्रेल्विर पहिल्यांदा तयार झाले, अवघे 7 मिलिग्रॅम.

तरी यकृत ते भराभर मोडून टाकी. यावरचा तोडगा एचआयव्हीच्या उपचारातून आला. रिटोनाविर मुळात एचआयव्हीची कात्री अडवणारे औषध, पण इथे ते विषाणूला हातही लावत नाही. फक्त निरमाट्रेल्विर मोडणारे यकृतातले सीवायपी3ए4 हे विकर थोपवून धरते. 2020 मध्ये लोपिनाविर-रिटोनाविर ही एचआयव्हीची जोडी करोनावर वापरून पाहिली, तेव्हा ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत काहीच फायदा दिसला नव्हता. साहजिकच आहे, एचआयव्हीची कात्री वेगळ्याच घडणीची.

निरमाट्रेल्विर आणि रिटोनाविर ही नवी जोडी म्हणजे पॅक्सलोविड. लस न घेतलेल्या, जोखमीच्या रुग्णांना लक्षणे दिसल्यापासून तीन दिवसांत दिली, तेव्हा रुग्णालयात भरती किंवा मृत्यूचा धोका 89 टक्क्यांनी घटला. डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेने तातडीची परवानगी दिली. कमी जोखमीच्या लोकांना मात्र फारसा उपयोग दिसला नाही. शिवाय यकृत थोपवल्याचे भाडे भरावे लागतेच: कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या रक्तात साचू लागतात. म्हणून चिठ्ठी लिहिण्याआधी डॉक्टर घरातल्या गोळ्यांचा डबा पाहायला मागतात.