१९९४ चा तो आजार खरंच प्लेग होता का?

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडू लागले आणि माणसांच्या जांघेत, काखेत गाठी उठल्या. जुन्या मंडळींना याहून जास्त काही सांगावं लागलं नाही. उंदीर पडले की गाव सोडायचं आणि रानात झोपड्या टाकायच्या, हे त्यांनी आजी-आजोबांकडून ऐकलं होतं. १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा आजार ओळखला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्याला ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हटलं. पुढच्याच वर्षी पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले त्यानेच गेल्या.

मामल्यापाठोपाठ सप्टेंबरात सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आल्याची बातमी फुटली. लाखो लोक शहर सोडून पळाले, काही देशांनी भारताची विमानं थांबवली. पण हा प्लेगच का, यावर डॉक्टरांत वाद पेटला. जवळजवळ तीस वर्षं देशात प्लेग दिसला नव्हता. रक्ततपासणीत दिसणारी प्रतिपिंडं, म्हणजे जंतूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं, केवळ अप्रत्यक्ष पुरावा देत होती. कुणी मेलिऑयडोसिस या मातीतल्या जिवाणूमुळे होणाऱ्या आजाराचं नाव घेतलं, कुणी आणखी कशाचं. हा वाद म्हणजे विद्वानांचा शब्दच्छल नव्हता. जंतूचं नाव पक्कं नसेल, तर पुढच्या साथीची तयारी कशाची करायची?

उत्तर मिळालं जंतूच्या जनुकांतून. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या एस. शिवाजी आणि सहकाऱ्यांनी सुरत आणि बीडच्या बाधित भागांतून वेगळ्या केलेल्या जंतूंचं ‘१६एस’ जनुक वाचलं. हे जनुक प्रत्येक जिवाणूत असतं, डीएनएच्या सुमारे दीड हजार अक्षरांचं, आणि त्यातल्या फरकांवरून जिवाणूचं कूळ कळतं. अडचण अशी की प्लेगचा जंतू आणि त्याचा जवळचा भाऊबंद येर्सिनिया स्यूडोट्यूबरक्युलोसिस या जनुकात जवळपास सारखेच दिसतात. म्हणून जनुकीय ठसेही जुळवून पाहिले गेले. २००० साली निष्कर्ष छापून आला: येर्सिनिया पेस्टिस, म्हणजे प्लेगच.

पुढच्याच वर्षी या जंतूचा पूर्ण जनुकसंच, सुमारे साडेशेहेचाळीस लाख अक्षरं, वाचून झाला. नमुना होता अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधला. आजारी मांजरापासून लागण होऊन १९९२ मध्ये दगावलेल्या माणसाच्या शरीरातून तो मिळाला होता.

मग जुन्या साथींचा जंतू कोणता होता हे शोधायला संशोधक कबरींकडे वळले. दाताच्या आतल्या पोकळीत रक्त सुकून राहतं आणि त्यासोबत जंतूच्या डीएनएचे तुकडेही. आजच्या जंतूच्या ओळखीच्या अक्षरांचा गळ टाकून ते तुकडे मातीतल्या डीएनएच्या गर्दीतून वेगळे काढता येतात. २०११ मध्ये लंडनच्या ईस्ट स्मिथफील्ड दफनभूमीतल्या, १३४८ ते १३५० च्या ‘काळा मृत्यू’ नावाच्या साथीत गेलेल्या माणसांच्या दातांवरून त्या जंतूचा जनुकसंच जुळवला गेला. तो आजच्या बहुतेक प्लेगजंतूंच्या मूळ पूर्वजाच्या अगदी जवळचा निघाला. १८९४ मध्ये हाँगकाँगला आणि दोन वर्षांनी मांडवीत पोचलेला प्लेग याच घराण्यातला.