मराठी दृष्टिहीन वाचकाचं ग्रंथालय : सव्वाशे वर्षांची पार्श्वभूमी

२४ ऑगस्ट २०१६ रोजी केंद्र सरकारने 'सुगम्य पुस्तकालय' सुरू केलं. ज्यांना छापील पुस्तक वाचता येत नाही, अशा कोणालाही तिथे सभासद होता येतं आणि ब्रेल किंवा श्राव्य स्वरूपातली पुस्तकं घरबसल्या उतरवून घेता येतात. कॉपीराइट कायदा त्याच्याही चार वर्षं आधी बदलला होता. साध्या मोबाइलवरसुद्धा मराठी वाचून दाखवणारा आवाज आता मिळतो. इतकं सगळं असूनही दृष्टिहीन मराठी वाचक नवी कादंबरी, ताजा दिवाळी अंक किंवा स्पर्धा परीक्षेचं या वर्षीचं पुस्तक शोधायला बसला, की बऱ्याचदा रिकाम्या हाताने उठतो. इंग्रजीच्या मानाने मराठीचं कपाट फार रोडकं आहे. पैसे नाहीत, सरकारला पर्वा नाही, ही कारणं सांगितली जातात आणि त्यांत तथ्यही आहे. पण मुळातला प्रश्न मजकूर कोणत्या रूपात साठवला जातो हा आहे, आणि तो मोबाइलच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.

लुई ब्रेलची गोष्ट शाळेत सगळ्यांनी वाचलेली असते, म्हणून ती इथे सांगत नाही. त्याची लिपी १८२९ साली पुस्तकरूपाने आली, एवढंच ध्यानात ठेवू. हिंदुस्थानात ती मिशनरी शाळांच्या वाटेने पोहोचली. १८८७ मध्ये ॲनी शार्प यांनी अमृतसरला अंधांसाठी शाळा काढली. मुंबईत अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी १९०० साली शाळा सुरू केली. दादरची कमला मेहता अंधशाळा ती हीच. पाठोपाठ १९०२ मध्ये व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा उभी राहिली आणि १९३४ मध्ये पुण्यात डॉ. शंकरराव माचवे यांनी पुणे अंधशाळेची सुरुवात केली.

शाळा निघाल्या, पण त्यांच्यात एक लिपी नव्हती. ब्रेलच्या एका घरात सहा ठिपके असतात आणि त्यांपासून ६३ आकृत्या तयार होतात. कोणती आकृती कोणत्या अक्षराला द्यायची, हे प्रत्येकाने आपापल्या परीने ठरवलं. शार्प यांची पद्धत एक, बंगालमध्ये लालबिहारी शाह यांची दुसरी, मुंबई-गुजरातकडे निळकंठराय छत्रपती यांची तिसरी, बायबल सोसायटीच्या पाठबळाची 'ओरिएंटल ब्रेल' आणखी वेगळी. निळकंठराय स्वतः डॉक्टर होते, पुढे त्यांची दृष्टी गेली आणि नंतर त्यांनी शिकवण्याचं काम हाती घेतलं. यातल्या कोणाच्याही कष्टांना कमी लेखता येणार नाही. परिणाम मात्र असा झाला, की एका शाळेत हाताने टोचून तयार केलेलं पुस्तक दुसऱ्या शाळेतल्या मुलाच्या बोटांना वाचता येईना. जिथे मुळात पुस्तकं मोजकीच, तिथे ती देवाणघेवाणीच्याही कामाची राहिली नाहीत. अशा स्थितीत ग्रंथालय कशाच्या जोरावर उभं राहणार?

हा गुंता सुटायला एक महायुद्ध कारण ठरलं. युद्धात दृष्टी गमावलेल्या हिंदी सैनिकांसाठी १९४३ मध्ये देहरादूनला सेंट डन्स्टन्स वसतिगृह निघालं. त्याचे प्रमुख होते सर क्लूथा मॅकेंझी. ते न्यूझीलंडचे. पहिल्या महायुद्धात गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची स्वतःची दृष्टी गेली होती. स्वातंत्र्यानंतर भारत सरकारने १९४९ मध्ये युनेस्कोला विनंती केली, की ब्रेलचा हा प्रश्न जागतिक पातळीवर सोडवा. युनेस्कोने त्यासाठी सल्लागार नेमला तो मॅकेंझींनाच. १९५१ मध्ये बैरुत इथे झालेल्या परिषदेतून मार्ग निघाला आणि त्याच वर्षी 'भारती ब्रेल' स्वीकारली गेली. देहरादूनला सरकारी ब्रेल छापखानाही १९५१ मध्येच सुरू झाला. राष्ट्रीय अंध संघटना अर्थात नॅब त्याच्या पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झाली.

भारती ब्रेलचं तत्त्व सरळ आहे : भाषा कोणतीही असो, एका उच्चाराला एकच आकृती. 'क' मराठीतला असो, गुजरातीतला असो की कन्नडमधला, त्याचे ठिपके पहिला आणि तिसरा. डोळस मराठी माणसाला कन्नड पाटी वाचता येत नाही. भारती ब्रेल शिकलेल्या मराठी मुलाला मात्र कन्नड ब्रेलचं पान निदान उच्चारता तरी येतं, अर्थ कळो न कळो. ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे. आणखी एक गंमत लिहिण्याच्या क्रमात आहे. छापील 'कि'मध्ये वेलांटी आधी आणि 'क' नंतर येतो. ब्रेलमध्ये जसा उच्चार तसा क्रम : आधी 'क', मग 'इ'. जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण, म्हणजे चौथा ठिपका, अक्षराच्या आधी येतो. शिरोरेषा नाही, काना-मात्रांची वर-खाली रचना नाही, सगळं एका ओळीत एकामागून एक. लिहितानाही पाटीत जाड कागद अडकवून उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचं. सवय झालेल्या मुलाची सळई इतक्या वेगाने चालते, की बघत राहावं.

लिपी एक झाली, तरी आकाराचा प्रश्न राहिलाच. इंग्रजी ब्रेलमध्ये नेहमीच्या शब्दांसाठी संक्षेप आहेत, त्यामुळे पानं कमी लागतात. मराठीत तसे संक्षेप रुळलेले नाहीत, सगळं अक्षरशः लिहावं लागतं. मध्यम आकाराची कादंबरी ब्रेलमध्ये आली की तिचे अनेक जाडजूड खंड होतात. ते ठेवायला कपाटं हवीत, आणि दाबून ठेवले तर ठिपके बसतात. म्हणून या ग्रंथालयांचा खरा आधार टपाल खातं होतं. अमेरिकेत ब्रेल पुस्तकं टपालाने मोफत पाठवण्याचा कायदा १९०४ चा आहे. भारतीय टपाल खातंसुद्धा अंधांसाठीच्या साहित्याची सात किलोपर्यंतची पाकिटं बिनटपालखर्चाची नेतं. या सवलतीविना खेड्यातल्या वाचकापर्यंत देहरादूनचं किंवा मुंबईचं पुस्तक कधी गेलंच नसतं.

ऐकायच्या पुस्तकांचा धागाही युद्धाकडेच जातो. ज्यांची दृष्टी मोठेपणी गेली, त्यांची बोटं ब्रेलला सहज वळत नाहीत. ब्रिटनमध्ये, पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईत दृष्टी गमावलेले इयन फ्रेझर यांनी हा विचार लावून धरला आणि १९३५ मध्ये तिथे बोलकी पुस्तकं सुरू झाली. अमेरिकेत १९३१ च्या प्रॅट-स्मूट कायद्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसला प्रौढ अंधांच्या पुस्तकांसाठी वर्षाला १ लाख डॉलर मिळू लागले, आणि १९३४ पासून तबकड्यांवरची पुस्तकं वाचकांकडे जाऊ लागली. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या त्या तबकडीची एक बाजू पाव तासाच्या आसपास चाले. एका कादंबरीला पंधरा-वीस तबकड्या सहज लागत. आज घरोघरी ऐकल्या जाणाऱ्या श्राव्य पुस्तकांची वाट दृष्टिहीन वाचकांसाठीच पहिल्यांदा पाडली गेली, याची आठवण त्या व्यवसायाने ठेवायला हवी. प्रकाशकांनी तेव्हा संमती दिली तीही अटींवर : तबकड्या अंधांपलीकडे कोणाच्या हाती जाता कामा नयेत.

आपल्याकडे तबकडीपेक्षा कॅसेट जास्त रुजली. मुंबई-पुण्यात किती गृहिणींनी, निवृत्त शिक्षकांनी, महाविद्यालयातल्या मुलामुलींनी दुपारच्या वेळी बसून क्रमिक पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित केली, याची कुठे नोंद नाही. त्या आवाजांवर अनेक जण पदवीधर झाले. कॅसेटचा जाच एकच, पण मोठा होता. तिसऱ्या प्रकरणातला एखादा परिच्छेद पुन्हा ऐकायचा तर फीत मागेपुढे करत अंदाजाने शोधायचा. अभ्यास म्हणजे पुन्हापुन्हा मागे जाणं, आणि नेमकं तेच अवघड. स्वीडनमध्ये १९९० च्या दशकात यावर उपाय निघाला. 'डेझी' नावाच्या मांडणीत ध्वनीला प्रकरण, उपशीर्षक आणि पान यांच्या खुणा जोडलेल्या असतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला थेट हव्या त्या पानावर जाता येतं. तिची जागतिक संघटना १९९६ मध्ये, तर भारतातला डेझी फोरम २००७ मध्ये स्थापन झाला.

मराठी ब्रेल वाचनातला एक टप्पा वेगळा सांगायला हवा. स्वागत थोरात यांनी फेब्रुवारी २००८ मध्ये 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक सुरू केलं. तोवर ब्रेलमध्ये मिळे ते बहुतांशी अभ्यासाचं किंवा धार्मिक. पंधरा दिवसांच्या घडामोडी, लेख, चालू विषय मराठीतून स्वतःच्या बोटांनी वाचायचे, दुसऱ्या कोणाच्या सवडीची वाट न पाहता, हा अनुभव नवा होता. माणसाला पाठ्यपुस्तकापलीकडे वाचायचं असतं, हे शाळांच्या आणि संस्थांच्या ध्यानात यायला एक शतक लागलं.

कायद्याची बाजू याच काळात तापली. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात दृष्टिहीनांसाठी वेगळी सवलत नव्हती. पुस्तक स्कॅन करून स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या प्रणालीला, वाचता येईल अशी फाइल बनवायची, तर काटेकोरपणे पाहता प्रकाशकाची परवानगी हवी. पत्रं पाठवायची आणि उत्तराची वाट पाहायची. २०१० च्या दुरुस्ती विधेयकात सवलत आली, पण ब्रेलसारख्या खास स्वरूपांपुरती. साधी संगणकीय फाइल किंवा ध्वनिमुद्रण बाहेरच राहणार होतं, आणि बहुसंख्य दृष्टिहीन वाचक तर तेच वापरत होते. देशभरातून याला विरोध झाला. 'वाचनाचा हक्क' या मोहिमेत मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं, २००३ पासून काम करणारं दृष्टिहीनांचं संसाधन केंद्र आघाडीवर होतं. संसदेच्या स्थायी समितीनेही हरकत ग्राह्य धरली. २०१२ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्या कलम ५२ मध्ये 'कोणतंही सुलभ स्वरूप' असे व्यापक शब्द आले. ना-नफा तत्त्वावर काम करणाऱ्या संस्थेला आता परवानगी मागावी लागत नाही, फक्त तयार करण्याचा खर्च घेता येतो. पुढच्या वर्षी, २७ जून २०१३ रोजी, मोरोक्कोतल्या माराकेश शहरात आंतरराष्ट्रीय करार झाला आणि सुलभ पुस्तकं एका देशातून दुसऱ्या देशात पाठवण्याची वाट मोकळी झाली. तो करार सर्वांत आधी मंजूर केला भारताने, जून २०१४ मध्ये. २० देशांची संख्या भरल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून तो लागू झाला.

म्हणजे लिपी आहे, वाचून दाखवणारं यंत्र आहे, कायदाही बाजूने आहे. मग अडतं कुठे? युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक संहिता. मराठी छपाईची वर्षानुवर्षांची पानं मात्र युनिकोडपूर्व फाँटांमध्ये जुळवलेली आहेत. त्या फाइलीत देवनागरी अक्षर नसतंच. साठवलेली असतात रोमन अक्षरं, आणि फाँट त्यांवर देवनागरीचं चित्र चढवतो. कृतिदेव या अशाच एका फाँटमध्ये 'पुस्तक' टंकलं तर फाइलीत प्रत्यक्षात राहतात 'आय, क्यू, एल, आर, डी' ही रोमन अक्षरं. डोळस माणसाला पडद्यावर 'पुस्तक' दिसतं, स्क्रीन रीडर मात्र तीच पाच इंग्रजी अक्षरं बोलून दाखवतो. अशी फाइल ब्रेल छापायच्या यंत्राला दिली तरी कागदावर तोच निरर्थक मजकूर उमटतो. मग संस्था काय करते? छापील प्रत विकत आणते, पानं सुटी करून स्कॅन करते, संगणकाकडून अक्षरं ओळखून घेते आणि एकेक ओळ माणसाकडून तपासून घेते. रफार, जोडाक्षरं आणि फिकट छपाई यांत मराठीच्या चुका जास्त होतात. जे पुस्तक प्रकाशकाच्या संगणकात आधीच टंकलेलं आहे, ते पुन्हा नव्याने तयार करण्यात आठवडे जातात. हे मला सगळ्यांत जास्त सलतं.

शंभर वर्षांपूर्वी दादरच्या अंधशाळेतल्या पुस्तकाची जी गत होती, तीच आज या फाइलींची आहे : मजकूर आहे, पण एकाचा दुसऱ्याला उपयोग नाही. त्या वेळी तोडगा निघाला तो सर्वांनी एक संहिता मानल्यामुळे. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे आणि अलीकडे अनेक मराठी प्रकाशक त्यात जुळणी करू लागले आहेत. अशा प्रकाशकाने छपाईला पाठवलेली फाइल एखाद्या अधिकृत संस्थेला दिली, तर तिची डेझी किंवा ब्रेल आवृत्ती फार थोड्या श्रमात होते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. आणि १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी, हजारोंच्या संख्येने असलेली गावोगावची वाचनालयं आपल्या परिसरातल्या दृष्टिहीन वाचकाची सुगम्य पुस्तकालयात नोंदणी करून देऊ शकतात, त्याला हवी ती पुस्तकं मोबाइलवर किंवा मेमरी कार्डवर भरून देऊ शकतात. एक संगणक, इंटरनेट आणि तासभर बसायची तयारी असलेला ग्रंथपाल एवढं त्याला पुरतं.