सोने किती खोलवरून ऐकू येते?

जमिनीत पाच-दहा मीटर खोल असलेले सोने दाखवणारे यंत्र, असा दावा गुप्तधनाच्या नादाने सातारा-सांगलीकडच्या गावांतही अधूनमधून कानावर येतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये खाणीजोगे सोने नाही. ते कर्नाटकातल्या हुट्टी किंवा कोलारसारख्या, त्याहून कितीतरी प्राचीन खडकांच्या पट्ट्यांत मिळते. तरीही हा दावा तपासण्याजोगा आहे, कारण धातुशोधक यंत्राची खोली ठरवणारे नियम साधे आहेत आणि ते कोणत्याही जाहिरातीला जुमानत नाहीत.

सोन्याचे नैसर्गिक खडे शोधण्यासाठी, विशेषतः लोहयुक्त जमिनीत, पल्स इंडक्शन पद्धतीची यंत्रे वापरतात. तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, क्षणभर जोरदार प्रवाह सोडून तो एकदम तोडला जातो. चुंबकीय क्षेत्र असे अचानक कोसळले की जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह उठतात आणि विरत जातात. यंत्र काही मायक्रोसेकंद थांबून त्या विरत्या प्रवाहांचा क्षीण प्रतिसाद टिपते. सेकंदाला शेकडो ते हजारो वेळा हे घडते.

कॉइलच्या आकाराच्या मानाने वस्तू बरीच खोल असेल, तर तिच्यापर्यंत पोचणारे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात घटते आणि तिचा प्रतिसाद परत येतानाही तेवढ्याच वेगाने घटतो, म्हणून एकूण संकेत अंतराच्या सहाव्या घातानुसार कमी होतो. खोली दुप्पट झाली की संकेत चौसष्टावा भाग उरतो. उलट बाजूने पाहिले तर संकेताचे बळ दुप्पट केल्याने खोली जेमतेम बारा टक्के वाढते. तीस सेंटिमीटरवर मिळणारा खडा त्यामुळे चौतीस सेंटिमीटरवर मिळेल, इतकेच. मोठी कॉइल लावल्यास मोठी वस्तू अधिक खोल सापडते, पण बारीक कणाच्या वाट्याला येणारे क्षेत्र विरळ होऊन तो हातचा निसटतो.

दोन यंत्रांमधला खरा फरक बहुधा त्या थांबण्याच्या काळात असतो. पातळ, सच्छिद्र अशा लहान खड्यातला प्रवाह तीन मायक्रोसेकंदांच्या कालमानाने विरतो, म्हणजे दर तीन मायक्रोसेकंदांनी तो जेमतेम एक-तृतीयांशाहून थोडा जास्त उरतो, असे धरू. एक यंत्र दहा मायक्रोसेकंदांनी ऐकू लागले आणि दुसरे पंधरा मायक्रोसेकंदांनी, तर पहिल्याला सुमारे पाचपट संकेत मिळतो, आणि सहाव्या घाताच्या हिशेबाने त्याची खोली जवळपास तीस टक्के जास्त भरते. केवळ पाच मायक्रोसेकंदांनी जे साधले, ते बळ दुप्पट करूनही साधले नव्हते. मात्र हा काळ हवा तसा कमी करता येत नाही, कारण कॉइलमधले स्वतःचे कंपन आधी शमावे लागते.

विटा, आटपाडीकडच्या गलाई व्यावसायिकांना, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांना, परिचित असलेली एक गोष्ट इथे कामाची आहे. निसर्गात मिळणाऱ्या सोन्यात बहुधा चांदी मिसळलेली असते. दोन्ही धातू एकेकटे उत्तम वाहक आहेत, पण त्यांची मिश्रधातू दोघांपेक्षाही कमी वाहक असते, त्यामुळे तिच्यातला प्रवाह लवकर विरतो. एक ग्रॅम शुद्ध सोन्याची भरीव गोळी शाळूच्या टपोऱ्या दाण्याएवढी, म्हणजे साडेचार मिलिमीटर व्यासाची असते आणि तिचे कालमान सुमारे तीस मायक्रोसेकंद निघते. म्हणून शुद्ध गोळी किंवा अंगठी पुरून केलेल्या चाचणीतली खोली नैसर्गिक खड्याला लागू पडत नाही.

उरली जमीन. महाबळेश्वर-पाचगणीच्या परिसरातल्या जांभ्यात आणि तांबड्या मातीत लोहखनिजांचे अतिसूक्ष्म कण असू शकतात. क्षेत्र तुटल्यावर त्यांचे चुंबकत्व लगेच न जाता रेंगाळत कमी होते आणि धातू नसतानाही यंत्र बोलते. हा प्रतिसाद साधारण काळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, तर धातूचा घातांकी रीतीने. या फरकाचा उपयोग करून चांगली यंत्रे वेगवेगळ्या क्षणांची मोजमापे परस्परांतून वजा करतात आणि जमिनीचा आवाज पुसतात. मला ही कल्पना फार सुंदर वाटते, पण तिची किंमत मोजावी लागते: विशिष्ट कालमानाच्या काही वस्तूही त्या वजाबाकीत पुसल्या जातात. शिवाय हवेत सोने धरून मोजलेल्या अंतरात या साऱ्याचा मागमूसही नसतो.

तुलना करायचीच असेल तर न उकरलेल्या जमिनीत तिरके भोक पाडून त्यात प्लॅस्टिकची नळी बसवावी आणि तोच खडा काडीने पुढे सरकवत प्रत्येक यंत्राने तो कुठवर ऐकू येतो ते पाहावे, म्हणजे वरची माती विस्कटत नाही. कृष्णाकाठी हे काम शेतीपंपांचा वीजपुरवठा बंद असताना करावे, कारण ही यंत्रे विजेच्या तारांचा आणि मोटारींचा गोंगाटही टिपतात. शेवटी नळी खड्याविना रिकामी ठेवून पुन्हा ऐकावे आणि तेव्हाही यंत्र वाजले तर तो आकडा धरू नये.