१३ नंबरची पिन नेमकी कुठली?

सोलापूरच्या पूर्व भागात मागाच्या खडखडाटात वाढलेल्या पोराला पिन डेफिनिशन, म्हणजे प्रोग्राममधलं नाव किंवा नंबर चिपच्या कुठल्या पायाला जोडायचा ते ठरवणं, समजायला फार वेळ लागत नाही. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागाच्या, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याला चादरीवरचा मोर ठाऊक नसतो. भोक असलं की हूक वर जातो, नसलं की जागेवर राहतो. त्या हुकाला कुठले उभे धागे बांधायचे, ते माग लावणारा ठरवतो. बांधणी चुकली, की पुठ्ठा बरोबर असूनही नक्षी बिघडते.

मायक्रोकंट्रोलरमधली, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या छोट्या संगणक-चिपमधली, ही बांधणी पूर्वी प्रोग्रामरच्याच डोक्यात असायची. १९८० साली आलेल्या इंटेल ८०५१ या चिपला ४० पाय, म्हणजे पिना; त्यातले ३२ इनपुट-आउटपुटचे, आठ-आठच्या चार गटांत, म्हणजे पोर्टांत, वाटलेले. पोर्ट १ चा पत्ता ९० हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेला आकडा). तिथे एक बाइट, म्हणजे आठ बिट, लिहिली, की आठही पाय एकदम बदलतात. प्रत्येक बिटलाही वेगळा पत्ता होता, म्हणून सी भाषेत 'एसबिट' लिहून त्याला 'एलईडी' असं नाव देता यायचं. तरी डेटाशीट, म्हणजे चिपचं माहितीपत्रक, उशाशी ठेवावीच लागे.

पुढे इटलीतल्या इव्रेआमध्ये २००३ साली हेर्नांदो बारागान यांनी 'वायरिंग' नावाचं बोर्ड आणि प्रोग्रामिंगचं साधन केलं, ते डिझाइन शिकणाऱ्यांसाठी. त्यांना पोर्ट, बिट, मास्क यांच्याशी काय देणंघेणं? सरळ नंबर दिले. २००५ मध्ये आलेल्या आर्डुइनो या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने तीच वाट धरली. त्याच्या ऊनो बोर्डावर १३ म्हटलं, की लायब्ररी (सोबत मिळणारा तयार कोड) तक्त्यात बघते: पोर्ट बी, बिट ५. चिपवर तो १९ वा पाय! चिपचा खरा १३ वा पाय बोर्डावर ७ नंबर लावून बसलाय. हा तक्ता दर वेळी उघडावा लागतो, म्हणून पिन चालू-बंद करणारी 'डिजिटलराइट' ही आज्ञा थेट पोर्टावर लिहिण्यापेक्षा हळू चालते. दिवा लुकलुकवायला काही फरक पडत नाही म्हणा.

आपण प्रोग्रामच्या वर जे 'डिफाइन एलईडी १३' लिहितो, ते चिपपर्यंत पोचतच नाही. प्रोग्राम चिपच्या भाषेत नेणाऱ्या कंपायलरच्या आधी प्रीप्रोसेसर नाव खोडून १३ चिकटवतो, बस. सवयीने शेवटी अर्धविराम दिलात, तर तोही चिकटतो आणि एरर भलत्याच ओळीवर दिसते. त्याऐवजी 'कॉन्स्ट इंट' (न बदलणारा पूर्णांक) वापरलं तर ही कटकट नाही.

ईएसपी८२६६ ही वाय-फायची चिप असलेल्या नोडएमसीयू बोर्डावर तर छापील नंबरही वेगळे. प्रोग्राममध्ये नुसतं ४ लिहिलं, तर 'डी२' छापलेली पिन हलते. 'डी४' हवी असेल तर 'डी४'च लिहायचं. बोर्डाच्या फाइलमध्ये त्या नावाची किंमत २ आहे.