गाडीचा फ्यूज सतत उडतोय? मोठा टाकण्याआधी हे वाचा

(सांगलीतील आमच्या वर्कशॉपच्या ग्राहकांसाठी)

"नवीन फ्यूज टाकला की दोन दिवस बरं चालतं, मग परत जातो. जरा दमाचा फ्यूज द्या की!" ही मागणी काउंटरवर इतक्यांदा होते, की शेवटी हा कागद छापला.

फ्यूज उडतोय म्हणजे तो आपलं काम चोख करतोय. बिघाड त्याच्या पुढं आहे: वायरीत, होल्डरमध्ये, नाहीतर एखाद्या मोटरीत. तिथं 10 अँपिअरचा लाल फ्यूज जात असेल, तर 30 चा हिरवा बसवून बिघाड जात नाही. वायर 10 च्याच हिशोबानं टाकलेली असते. फ्यूज तग धरतो आणि वायर तापते. सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं तर त्याहून वाईट, कारण ती किती करंटला वितळेल याचा नेमच नाही. (न उडणारे हलके फ्यूजही बाजारात मिळतात. स्वस्त पडले तरी घेऊ नका.)

आमचा सगळ्यात जास्त वेळ अशाच गाड्या खातात. मूळ दोष बहुतेकदा पेरभर जागेत असतो, एखादी वायर पत्र्याला घासून सोललेली. मोठा फ्यूज लागला की त्याच वायरीच्या उष्णतेनं शेजारच्या वायरीही वितळतात. टेप सोडली की आत सगळं प्लॅस्टिक एकमेकाला चिकटलेलं, रंग करपलेले, लाल कुठली नि पिवळी कुठली पत्ता लागत नाही. तासाभराच्या कामासाठी मग डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि बिल बघून ग्राहक आमच्यावरच डाफरतात.

आम्ही एकामागून एक फ्यूज उडवत बसत नाही. फ्यूज काढून त्या जागी 12 व्होल्ट, 21 वॅटचा बल्ब जोडतो. लाईन कितीही शॉर्ट असली तरी त्यातून पावणेदोन अँपिअरच्या आसपासच करंट जातो, त्यामुळं वायर सुरक्षित राहते. शॉर्ट असेल तर बल्ब फुल पेटतो. मग एकेक कपलर (वायरी जोडणारा प्लग) सोडवायचा, वायरिंग हातानं हलवायचं. ज्या ठिकाणी बल्ब विझतो किंवा एकदम मंद होतो, त्या फांदीत दोष. शॉर्ट कायमचा नसून अधूनमधून होत असेल तर याला वेळ लागतो, म्हणून अशी गाडी अर्धा दिवस ठेवून घेतो.

आपल्या भागात काही जागा ठरलेल्या आहेत. ऊसतोड सुरू झाली की फडातले उंदीर बोनेटखाली येतात आणि वायरी कुरतडतात. 2019 आणि 2021 च्या महापुरात उभ्या राहिलेल्या गाड्यांच्या कपलरमध्ये हिरवा गंज अजून सापडतो. डिकीच्या बिजागरीजवळ उघड-मिट होऊन वायर तुटते. चार्जिंग सॉकेटमध्ये नाणं पडलेलं असतं, आणि ते टाकणारं पोरगं मागच्या सीटवर शांत बसलेलं असतं. बाहेरून बसवलेले हॉर्न, फॉग लॅम्प, म्युझिक सिस्टीम हा तर वेगळाच विषय. अशा फिटिंगला आम्ही वेगळी फ्यूज लाईन आणि रिले (छोट्या करंटवर चालणारा, मोठा करंट सोडणारा स्विच) टाकतो. मूळ वायरीला जोड मारून देत नाही. "बाजूवाला निम्म्यात करून देतो" म्हणणाऱ्यांनी खुशाल तिकडं जावं.

एक गोष्ट तुम्ही नक्की करू शकता: फ्यूज नेमका कधी गेला ते लक्षात ठेवा. ब्रेक दाबल्यावर? रिव्हर्स टाकल्यावर? खड्ड्यात आदळल्यावर? चावी फिरवताच गेला तर थेट शॉर्टची शक्यता जास्त. ब्लोअर किंवा वायपर दहा-पंधरा मिनिटं चालल्यावर गेला तर मोटर जड झालीय का ते आधी बघतो. एवढ्या माहितीनं आमचं निम्मं शोधकाम वाचतं.

"दहा रुपयांच्या फ्यूजला तपासणीचे पैसे कसले?" असं विचारलं जातं. पैसे फ्यूजचे नाहीत, दोष शोधण्याचे आहेत. काम आमच्याकडं केलं तर ते बिलातून वजा होतात. दुरुस्तीनंतर सोललेली किंवा जळलेली वायर तुमच्या हातात देतो.

गाडी शक्यतो सकाळीच आणा, डिकी रिकामी करून. उडालेला फ्यूज टाकून देऊ नका, सोबत आणा. मध्ये कुणी मोठा फ्यूज बसवला असेल तर तेही आधीच सांगा. रागावत नाही, फक्त तपासणी वेगळ्या टोकापासून सुरू करावी लागते.