हिरा खडकातला आणि नदीतला

ऑगस्ट २०२४ मध्ये बोत्सवानातील कारोवे खाणीत २,४९२ कॅरटचा हिरा सापडला, तेव्हा त्याच्या आकाराची आणि किमतीची भरपूर चर्चा झाली. ‘आफ्रिकेत खनिजे आहेत म्हणून तिथे लढाया होतात’ असे सरसकट म्हणणाऱ्यांनी या देशाकडे जरूर पाहावे. १९६६ मध्ये स्वतंत्र झालेला बोत्सवाना यादवी युद्धाविना हिऱ्यांच्या उत्पादनात जगात आघाडीवर पोहोचला. पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनमध्ये मात्र १९९१ पासून २००२ पर्यंत यादवी धुमसत राहिली आणि बंडखोरांना शस्त्रांसाठी लागणारा पैसा बऱ्याच अंशी कोनो जिल्ह्यातील हिऱ्यांतून मिळाला. या फरकाचे एक मोठे कारण भूशास्त्रात दडलेले आहे.

हिरा कोळशापासून बनतो, हा समज चुकीचा आहे. बहुतेक हिरे जमिनीखाली सुमारे दीडशे ते दोनशे किलोमीटर खोलीवर, प्रचंड दाबाखाली, जमिनीवर पहिले झाड उगवण्याच्या कितीतरी आधी तयार झाले. किंबर्लाइट या ज्वालामुखीय खडकाच्या उद्रेकाने ते वेगाने वर आणले; ते रेंगाळत आले असते, तर त्यांचे ग्राफाइट झाले असते. हा खडक गाजरासारख्या निमुळत्या, उभ्या नळीत थिजतो. कोट्यवधी वर्षांत नळीचा माथा झिजला, की सुटे झालेले हिरे ओढ्यानाल्यांत उतरतात.

पुढचे काम नदीचे. हिऱ्याची घनता साधारण ३.५, तर वाळूतल्या क्वार्ट्‌झची २.६५; त्यामुळे प्रवाह मंदावतो तिथे, म्हणजे वळणाच्या आतल्या अंगाला किंवा पात्रातल्या रांजणखळग्यांत, हिरा जड खनिजांसोबत आधी बसतो. शिवाय गोट्यांशी आदळआपट होऊन भेगा असलेले खडे वाटेतच फुटतात आणि निर्दोष तेवढे टिकतात. म्हणून नदीच्या गाळातला हिरा, सरासरीने पाहता, दर कॅरटमागे अधिक किमती असतो. शुक्राला प्रसन्न करण्यासाठी हिरा घेणाऱ्यांनी निदान या निवडीचे श्रेय नदीला द्यावे.

आता माणसांकडे वळू. किंबर्लाइटमधून हिरा काढायचा, तर टनावारी खडक फोडावा लागतो. त्यासाठी वीज, अवजड यंत्रे आणि भांडवल हवे. अशी खाण एका कुंपणात मावते, तिच्यावर पहारा ठेवता येतो, कर बसवता येतो. बोत्सवानाने १९६७ मध्ये कायदा करून खनिजांवरील हक्क सरकारकडे घेतले, हेही महत्त्वाचे. नुसत्या भूगर्भावर सगळे सोपवणे योग्य नाही. कोनोतही किंबर्लाइटच्या नळ्या आहेत, परंतु नदीतले हिरे मोठ्या प्रदेशावर विखुरलेले असून ते काढायला फावडे, बादली आणि चाळणी पुरते. मजूर कमरेइतक्या पाण्यात उभा राहून चाळणी झटक्याने फिरवतो. जड खनिजे तळाशी मधोमध गोळा होतात आणि चाळणी उलटी केली की ढिगाच्या माथ्यावर काळसर ठिपका दिसतो. हिरा असलाच, तर तिथे. यासाठी त्याला अनेकदा रोजचा तांदूळ आणि सापडल्यास थोडा वाटा मिळतो. मोठा हिस्सा पैसे पुरवणाऱ्याकडे जातो.

अशा खड्ड्याच्या काठावर बंदूकधारी उभा राहिला, की त्याला ना यंत्र लागते, ना अभियंता. माल मुठीत मावतो आणि सीमा ओलांडून लायबेरियात पोहोचतो. बंडखोरांना साहाय्य केल्याबद्दल लायबेरियाचे माजी अध्यक्ष चार्ल्स टेलर यांना २०१२ मध्ये पन्नास वर्षांची शिक्षा झाली. तेल काढायला विहिरी आणि नळवाहिन्या लागतात. नदीतल्या हिऱ्याला त्यांपैकी काहीच लागत नाही.

एकदा माल मिसळला, की मूळ ओळखणेही अवघड होते, कारण हिरा म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन आणि त्यातील अशुद्ध द्रव्ये अत्यल्प असतात. म्हणून २००३ पासून, युद्धाला पैसा पुरवणारे हिरे बाजारात येऊ नयेत यासाठी देशांनी मिळून केलेल्या ‘किंबर्ली प्रक्रिया’ या व्यवस्थेनुसार, कच्च्या हिऱ्यांच्या पुडक्यासोबत सरकारी प्रमाणपत्र लागते. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातल्या बाजारात किंवा सुरतेच्या कारखान्यांत येणारा कच्चा मालही त्याला अपवाद नाही. परंतु या प्रक्रियेतली रोखायच्या हिऱ्यांची व्याख्या केवळ सरकारविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांना पैसा पुरवणाऱ्या हिऱ्यांपुरती आहे. झिम्बाब्वेतील मारांगे येथे २००८ मध्ये सरकारच्याच सैन्याने खाणमजुरांवर गोळ्या झाडल्या आणि दोनशेहून अधिक जण मारले गेल्याचे मानवाधिकार संघटनेने नोंदवले. ते हिरे या व्याख्येत बसत नव्हते. काही काळ रोखल्यानंतर २०११ मध्ये त्यांच्या निर्यातीला परवानगी देण्यात आली.